चूक माझी, घंटा तुझी

गुरुजी, परवा तुमच्या शोकसभेत लोक हसले.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे मला नीट लिहिता येईल की नाही याची खात्री वाटत नाही. हसले म्हणजे तोंडाला पदर लावून नव्हे, चांगले मोकळेपणाने हसले. गंगाराम मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे की हसायचे हे त्यांना ठरवता येत नव्हते. हे सगळे ज्या गोष्टीमुळे झाले, ती मी इतकी वर्षे तुमच्यापासून लपवून ठेवली होती. ती आता सांगणार आहे. पण एकदम नाही. तुम्हीच म्हणायचा ना, आधी पाटी स्वच्छ पूस, मग लिही.

तुम्ही गेल्याचे कार्ड मला सुरतेला मिळाले. अक्षर गंगाराम मास्तरांचे होते, फळ्यावर काढतात तसे, प्रत्येक ओळ सरळ. ‘वामन गुरुजी गेले. त्रास झाला नाही. शनिवारी शाळेत सभा आहे, जमल्यास येणे.’ कार्ड हातात धरून मी तापीच्या काठावर जाऊन बसलो. रडू येईल असे वाटले होते. पण मला आठवले काय, तर दिपोटी साहेबांचा चहा. आणि मी एकटाच हसायला लागलो. शेजारी धोतर पिळणारे एक गृहस्थ माझ्याकडे पाहून चार पावले दूर सरकले.

तुम्ही रनाळ्याला आलात तेव्हा मी बिगरीत होतो. त्याआधीची शाळा मला फारशी आठवत नाही, पण घरी ऐकून माहीत आहे. हेडमास्तर खुर्चीत बसून चौथीला शिकवत आणि बिगरी एखाद्या थोराड पोराच्या ताब्यात दिलेली असे. तो पोरगा आमच्याकडून घोकून घेई आणि मध्येच कान पिळी. सगळ्याच शाळांत तसे चालते, म्हणून कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. तुम्ही साताऱ्याकडचे. तुमची बोली आम्हाला पुस्तकातली वाटायची. आल्या आल्या तुम्ही चौथी गंगाराम मास्तरांच्या हवाली केलीत आणि स्वतः बिगरीत येऊन आमच्यासमोर मांडी घालून बसलात. गावात दोन दिवस हाच विषय. आमचे बाबा ओट्यावर बसून म्हणाले होते, “नवा हेडमास्तरले मोठा पोरेस्ले शिकाडता येत नही वाटस.”

तुम्हाला हे मी नंतर सांगितले होते. तुम्ही म्हणालात, “तुझ्या बाबांचं बरोबर आहे. मोठ्यांना कोणीही शिकवील. लहानांना शिकवायला हेडमास्तर लागतो.” तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. आता कॉलेजात मोठमोठी व्याख्याने ऐकताना वाटते, ती थट्टा नव्हती.

घंटेची गोष्ट त्याच वर्षीची. लोक आता ती वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात, पण मी तिथे होतो. तुम्ही फळ्यावर कपाशीचे झाड काढले होते. बोंड काढले, पान काढले, आणि पांढऱ्या खडूने फूल काढून म्हणालात, “हे कपाशीचं पांढरं फूल.” भिलाटीतला दित्या खुदकन हसला. दित्या शाळेत यायचाच मुळी आठवड्यातून एखादा दिवस, तोही तुम्ही त्याच्या झोपडीपर्यंत जाऊन आणलात तर. बाजूच्या वर्गातून गंगाराम मास्तर शेवरीची छडी घेऊन धावत आले.

“थांबा,” तुम्ही म्हणालात. “काय रे दित्या, का हसलास?”

दित्या खाली बघून म्हणाला, “फूल पिवळं ऱ्हास. दुसरा दिन लाल पडस.”

तुम्ही खडू खाली ठेवलात. आम्हा सगळ्यांना घेऊन रस्त्यापलीकडच्या वावरात गेलात. तिथे ओणवे होऊन, उपरण्याचे टोक सावरत, तुम्ही एकेक फूल पाहिलेत. कालचे लाल, आजचे पिवळे. पांढरे एकही नव्हते. परत येऊन तुम्ही सगळ्यांसमोर, गंगाराम मास्तरांसमोरसुद्धा, म्हणालात, “चूक माझी.” मग त्याला काहीतरी द्यावे म्हणून खिसे चाचपलेत. खिशात तपकिरीची डबी सोडून काही नव्हते. तेवढ्यात शिपाई सुट्टीची घंटा वाजवायला हातोडी घेऊन निघाला होता. तुम्ही त्याच्या हातातून हातोडी घेतलीत आणि दित्याला दिलीत. “घंटा तुझी.”

आपली घंटा म्हणजे निंबाच्या फांदीला टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा. तिचा आवाज शिवारात पार दूर जातो. त्या दिवशी दित्याने ती इतकी वाजवली की शिपायाला त्याच्या हातातून हातोडी ओढून घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी दित्या शाळेत तुमच्या आधी येऊन बसला होता.

तिथून ती रीत पडली. जो मास्तरांची चूक पकडेल, त्याने त्या दिवशीची सुट्टीची घंटा वाजवायची. त्यासाठी नियमही तुम्हीच केलेत. हसायचे नाही. उभे राहून, हात वर करून म्हणायचे, “गुरुजी, तपासून पाहा.” गुरुजींनी पुस्तकात नाहीतर बाहेर जाऊन तपासायचे. चूक निघाली, तर त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणायचे, “चूक माझी, घंटा तुझी.” आणि चूक नसतानाच चूक काढली, तर मार नाही, फक्त निंबाखालचा पाला झाडायचा.

गंगाराम मास्तर महिनाभर तुमच्याशी धड बोलत नव्हते. दोघांचा वाद आम्ही खिडकीखाली बसून ऐकला आहे.

“हेडमास्तर, पोरं डोक्यावर बसतील.”

“बसू द्या की. डोकं रिकामं नाही ना आपलं? मग भीती कसली?”

“माझी नोकरी तुमच्यापेक्षा जुनी आहे.”

“म्हणूनच चौथी तुम्हाला दिली. मला आठवड्यातून चारदा धरतात ही पोरं. तुम्हाला महिन्यात एकदा धरून दाखवू द्या, मी त्या दिवशी पेढे वाटीन.”

ही गोष्ट मास्तरांच्या मनाला फार लागली असावी. तुमच्यावर पेढे वाटण्याची वेळ येऊ द्यायची नाही असे त्यांनी ठरवले. ते आदल्या दिवशीच धडा वाचू लागले. सकाळी शाळेच्या वाटेवरही त्यांच्या हातात पुस्तक उघडे असे. एकदा ते असेच वाचत येत असताना पाटलांच्या बैलाला धडकले आणि पुस्तकातून मान वर न काढता बैलालाच “माफ करा” म्हणाले. ही गोष्ट गावात अजून सांगतात. पण त्यांचा वर्ग जिल्ह्यात पुढे जाऊ लागला तो तेव्हापासून. आणि छडीचे काय झाले? जो पोरगा उभा राहून तपासून पाहा म्हणतो, त्याला मारायचे कसे? ती छडी हळूहळू नकाशावर नद्या दाखवायच्या कामाला लागली.

तुम्ही स्वतः काय करायचा, हे मी कॉलेजातल्या मित्रांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. बिगरी सुटली की तुम्ही पाटी घेऊन दुसरीत, तिसरीत, चौथीत जाऊन सगळ्यांत मागच्या पट्टीवर बसायचा. मास्तरांनी घातलेले गणित आमच्याबरोबर सोडवायचा. चुकले तर बाकीच्या पोरांसारखे उभे राहायचा. हेडमास्तर आपल्या शेजारी उभा आहे, त्याचा भागाकार चुकला आहे, आणि आपला बरोबर आहे, यात केवढा आनंद असतो! माझ्यासारख्या भित्र्या पोराला गणिताची गोडी त्या उभ्या राहिलेल्या हेडमास्तरमुळे लागली. तुमचे ते भागाकार खरेच चुकायचे का, की मुद्दाम, हे मी तुम्हाला दोनदा विचारले. दोन्ही वेळा तुम्ही तपकीर ओढलीत आणि शिंकलात.

आता मुख्य गोष्ट.

मी चौथीत असताना नवे दिपोटी तपासणीला आले. शाळेची मदत, तुमची बढती, चौथीचा निकाल, सगळे त्यांच्या एका शेऱ्यावर होते. आठ दिवस आधी गंगाराम मास्तरांनी आम्हाला बजावले होते, “साहेबांसमोर कोणी हात वर करायचा नाही. ते मास्तर नव्हेत, साहेब आहेत.” तुम्ही ते ऐकले. एवढेच म्हणालात, “विचारलं तर खरं सांगा.”

त्या वर्षी चौथीत तीन मुली होत्या. तुम्ही घरोघर जाऊन आणलेल्या. त्यांची पट्टी भिंतीला लागून वेगळी असे. मी मुलांच्या रांगेत शेवटी बसायचो, त्यामुळे माझ्या आणि पहिल्या मुलीच्या मध्ये हातभर जागा. ती पहिली मुलगी सोनी. ती आमच्याच गल्लीतली. तिचा मामा प्रकाशा गावी तापीवर नाव चालवायचा.

दिपोटी साहेब देशावरून नुकतेच बदलून आले होते आणि उन्हातून छकड्यात बसून आल्यामुळे वैतागले होते. शाळेमागे शिपायाने त्यांच्या चहासाठी तीन दगडांची चूल पेटवली होती. साहेबांनी नकाशाकडे पाठ करून प्रश्न टाकला, “गोदावरी, कृष्णा, तापी. या तिन्ही नद्या कोणत्या समुद्राला मिळतात?”

कोणी बोलेना. साहेब चिडले. “बंगालच्या उपसागराला. इतकंही येत नाही? सगळे म्हणा.”

“बंगालच्या उपसागराला!” आम्ही सगळे ओरडलो. मीही ओरडलो.

तेव्हा भिंतीकडून, पाटीवर मान घातलेल्या सोनीचा आवाज मला ऐकू आला. ती स्वतःशीच पुटपुटत होती. “तापी तं सूर्य बुडस तिकडे जास. मी देखेल शे. मामानी नाव सुटनी का तिकडेच जास.”

गुरुजी, मी तोवर तापी पाहिलीसुद्धा नव्हती. ती पूर्वेला जाते की पश्चिमेला, मला काय ठाऊक? पण सोनी साहेबांसमोर उभी राहणार नाही हे मला ठाऊक होते, आणि घंटा मला अजून एकदाही मिळाली नव्हती, हेही. मी उभा राहिलो. हात वर केला.

“साहेब, तपासून पाहा.”

गंगाराम मास्तरांच्या हातातून छडी खाली पडली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

“काय म्हणालास?”

“तापी सूर्य मावळतो तिकडे जाते.”

साहेब वळले. नकाशाचा खालचा कोपरा नेहमीसारखा वर गुंडाळला गेला होता. तुम्ही पुढे होऊन तो धरलात. साहेबांनी बोटाने तापी धरली आणि बोट सुरतेपर्यंत नेले. ते बोट तिथेच बराच वेळ राहिले. आता शाळा गेली, असे मला वाटले. तुमची बदली होणार आणि माझे बाबा मला वावरात नेऊन सोडणार.

तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणालात, “साहेब, आमच्या शाळेत अशा वेळी एक वाक्य म्हणायची रीत आहे. मी जवळजवळ रोज म्हणतो. आपण पाहुणे, आपल्याला सक्ती नाही.”

“कोणतं वाक्य?”

“चूक माझी, घंटा तुझी.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तुमच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग हळू आवाजात, पाठ नसलेली कविता म्हणावी तसे, ते म्हणाले, “चूक माझी. घंटा तुझी. पण घंटा कसली?”

ते सांगायला मी तिथे नव्हतोच. मी केव्हाच निंबाखाली पोचलो होतो. घंटा सुट्टीच्या वेळी वाजवायची असते, हा नियम मला त्या आनंदात आठवला नाही. भर दुपारी मी हातोडी घेऊन रूळ बडवायला लागलो.

आणि आपल्या गावात अवेळी घंटा वाजली की एकच अर्थ. कुठेतरी कडब्याची गंजी पेटली.

पहिल्यांदा सगळे वर्ग बाहेर आले. मग गल्लीगल्लीतून माणसे, बाया, डोक्यावर घागरी, हातात ओली घोंगडी. “कोठे लागनी रे आग? कोठे लागनी?” सगळ्यांच्या पुढे वेडूआबा. त्यांनी शाळेमागून धूर निघताना पाहिला आणि कोणाला काही विचारले नाही. भरलेली घागर त्यांनी चुलीवर पालथी केली. चहाचे पातेले, दूध, साखर, सगळे चिखलात. मग ते धापा टाकत साहेबांसमोर येऊन म्हणाले, “विझाडी टाकी, सायेब. काई घाबरू नका.”

तुमचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. हसू दाबायला तुम्ही तपकीर ओढलीत आणि लागोपाठ पाच शिंका दिल्यात. साहेबही शेवटी हसले. शेरेबुकात त्यांनी लिहिले ते तुम्ही दुसऱ्या दिवशी साऱ्या शाळेला वाचून दाखवलेत. ‘मुले धीट आहेत. भूगोल चांगला आहे. चहा मिळाला नाही.’ आणि त्याखाली माझे नाव. या मुलास इंग्रजी शाळेत पाठवावे, शिष्यवृत्तीसाठी मी शिफारस करीन, असे.

माझे नाव. सोनीचे नव्हे.

त्या शेऱ्यावरून पुढचे सगळे झाले. तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात. बाबा म्हणाले, “मास्तर, पोऱ्याले नंदुरबारले धाडीसन मन्हं वावर कोन पाही?” तुम्ही म्हणालात, “तुमची कपाशी थेट सुरतेला जाते. पोरगा नंदुरबारपर्यंत गेला तर काय झालं?” बाबा म्हणाले, “कपाशी परत येत नही, मास्तर.” तुम्ही म्हणालात, “हा येईल. मी आणीन.” आणि दर सुट्टीत मी गावी आलो की तुम्ही मला हाताला धरून बाबांसमोर उभे करायचा. “हा बघा, आणला परत.” बाबांना ती थट्टा इतकी आवडली की पुढे पुढे ते तुमची वाट पाहत ओट्यावर बसून राहायचे आणि तुम्ही दिसलात की लांबूनच ओरडायचे, “मास्तर, मन्हा माल उना का?”

त्याच वर्षी सोनीला शाळेतून काढले. तुम्ही तिच्या घरी तीनदा गेलात, मला माहीत आहे. तिसऱ्यांदा परत आलात. आणि बिगरीत त्या दिवशी तुमची एक चूक निघाली. ती तुम्ही मुद्दाम केलेली नव्हती.

तिचे नाव शेरेबुकात गेले असते, साहेबाने शाबासकी दिलेली पोर म्हणून गावाने तिच्याकडे पाहिले असते, तर तिच्या बापाने तिला आणखी दोन वर्षे ठेवले असते का? मला माहीत नाही. कदाचित नसते ठेवले. पण ते विचारून पाहायची संधी तुम्हाला मिळायला हवी होती. ती माझ्यामुळे मिळाली नाही.

मी सांगायला येत होतो, गुरुजी. एकदा तुमच्या दारापर्यंत आलो, तर तुम्ही म्हणालात, “ये, आमचे भूगोलपंडित!” मग कसे सांगणार? म्हणून मी आडून विचारले. “गुरुजी, आपली चूक आपणच पकडली, तर घंटा कोणाची?”

तिथून आपला वाद सुरू झाला. तुम्ही म्हणालात, त्याचीच. मी म्हणालो, मग लोक मुद्दाम चुकतील आणि घंटा वाजवत बसतील. तुम्ही म्हणालात, बरं, मग कोणाचीच नाही. मी म्हणालो, मग आपली चूक आपणहून कशाला सांगेल कोणी? तुम्ही खूश झालात. “हा प्रश्न चांगला आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही.” मग दर सुट्टीत तो वाद नव्याने. मॅट्रिकच्या सुट्टीत तुम्ही म्हणत होतात की घंटा अर्धी अर्धी वाटून घ्यावी. गेल्या दिवाळीत, शाळेतून निवृत्त होऊनही तुम्ही साताऱ्याला गेला नव्हतात, त्या तुमच्या छोट्या खोलीत भुईमुगाच्या शेंगा फोडत आपण बसलो होतो. तुम्ही म्हणालात, “सुकदेव, तू आता कॉलेजातला. उत्तर तूच शोध. सापडलं की येऊन सांग.”

तुम्हाला माहीत होते का? एवढे एकच मला तुम्हाला विचारायचे होते. चौथीच्या वर्गात तुम्ही नकाशाचा कोपरा धरून उभे होतात, सोनी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तुमचे कान तीक्ष्ण होते. पण मी विचारले नाही, आणि आता तुम्ही शिंकूनसुद्धा उत्तर देणार नाही.

सुरतेला मी तापीच्या काठाने रोज कॉलेजात जातो. संध्याकाळी नदीचे पाणी आणि मावळता सूर्य एकाच बाजूला जात असतात. सोनी म्हणाली होती अगदी तसेच. दोन वर्षे मी ते रोज पाहतो आहे. त्यामुळे विसरायची सोय नव्हती.

तर परवाची सभा.

निंबाखाली पट्ट्या अंथरल्या होत्या. गंगाराम मास्तर आता हेडमास्तर आहेत. आणि गुरुजी, ते बिगरी शिकवतात! मी गेलो तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर बिगरीतल्या कुठल्याशा पोराच्या ओल्या पाटीचा डाग होता. चौथी त्यांनी नव्या मास्तरला दिली आहे आणि तो बिचारा वाटेने वाचत येतो.

लोक बोलले. कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, आदर्श. सगळे खरे होते, पण त्यात तुमची तपकीर कुठेच नव्हती. मग माझे नाव पुकारले. मी चार पाने लिहून नेली होती, पुष्कळ मोठे शब्द घालून. उभा राहिलो, समोर पाहिले, आणि बायांच्या घोळक्यात सोनी दिसली. तिचे लग्न गावातच झाले आहे. तिची पाच वर्षांची पोर तिच्या मांडीवर होती, हातात नवी पाटी घेऊन. बिगरीतली.

मी पाने घडी करून खिशात ठेवली. आणि सांगितले. दिपोटी साहेबांची चूक मी पकडली नव्हती, सोनीने पकडली होती. मी फक्त धावलो. अडखळत सांगितले, गुरुजी. बाबा पुढच्या पट्टीवर बसले होते, त्यांच्याकडे पाहायचे मी टाळले.

मला वाटले, भलत्या दिवशी भलतेच बोललो.

मग सोनीच बोलली, बसल्या जागेवरून. “हाई तू इतला वरीस पोटमा धरीसन बसना व्हता का रे, सुकदेव? येडा शे का?”

“तुझ्या लक्षात आहे?” मी म्हणालो.

“नही तं काय! त्या दिन मी घर जाईसन मायले सांगं, सायेबनी चूक मी काढी. माय म्हने, चूप बस, कोनले सांगू नको, तुले कोन पदरमा ली मग?” आणि ती स्वतःच हसायला लागली. “ज्यानी पदरमा लिधी, त्याले आजलोंग सांगं नही मी. तो तठे बसेल शे, देखा त्यानं तोंड!”

सगळ्यांनी वळून तिच्या नवऱ्याकडे पाहिले. तो तोंड उघडे टाकून बसला होता. तिथून हसू सुरू झाले ते थांबेना. बाबा हसत होते. गंगाराम मास्तरांची अवस्था मी वर लिहिली आहे. तुम्ही असता तर तपकीर संपली असती.

हसू ओसरल्यावर गंगाराम मास्तर उठले. शाळेत ते पुस्तकी भाषेशिवाय बोलत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “नियमाप्रमाणे तपासून पाहायला हवं. सोनाबाई, तापी कोणीकडे जाते?”

सोनी उभी राहिली. या वेळी मान वर करून. “सूर्य बुडस तिकडे.”

“बरोबर,” मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले.

तेव्हा आपल्या वादाचे उत्तर मला मिळाले. मी ते शोधून काढले असे म्हणणार नाही, ते समोरच उभे होते. मी म्हणालो, “सोनी, चूक माझी. घंटा तुझी.”

तिने पोर शेजारणीच्या मांडीवर दिली, पदर खोचला, आणि शिपायाच्या हातातून हातोडी घेतली. एक ठोका हळूच मारून पाहिला. मग दुसरा. मग गुरुजी, तिने ती घंटा जी बडवली, जी बडवली, की निंबावरचे सगळे पक्षी उडाले. तिची पोर टाळ्या पिटत होती. भर दुपार होती. कोणाच्या काही लक्षात आले नाही.

लक्षात आले ते वेडूआबा फाटकात दिसले तेव्हा. आता त्यांना नीट चालता येत नाही, म्हणून ते सभेला आले नव्हते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला तांब्या. निम्मे पाणी वाटेतच सांडलेले. धापा टाकत ते ओरडले, “कोठे लागनी रे आग?”

गंगाराम मास्तर पुढे गेले. आबांच्या हातातला तांब्या त्यांनी हळूच काढून घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच शाळेच्या आवारात आमच्या बोलीत बोलले.

“आग नही, आबा. एक चूक सापडनी.”